केळ, कापूस आणि वनस्पतींचे गणगोत

यावल-रावेरकडच्या शेतकऱ्याला त्याच्या मळ्यात केळीची किती झाडे आहेत असे विचारले, तर तो खोडांचा आकडा चटकन सांगेल. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला तोच प्रश्न विचारला, तर तो म्हणेल की या मळ्यात झाड असे एकही नाही. दोघेही खरेच बोलत आहेत. केळीचे जे खोड म्हणून आपल्याला दिसते, ती वस्तुतः पानांची सोपटे आहेत. एकीत एक घट्ट बसल्यामुळे त्यांचा खांब झाला आहे, इतकेच. केळीचे खरे खोड म्हणजे जमिनीत असणारा कंद. योग्य वेळ आली म्हणजे या कंदाचा शेंडा सोपटांच्या मधून वाट काढीत वर चढतो, माथ्यावर केळफूल बाहेर पडते, त्याच्या फण्या होतात, घड पोसतो, आणि घड उतरला की त्या खांबाचे आयुष्य संपते. मागे राहिलेल्या कंदाचे पील पुढे वाढते व शेतकऱ्याची पीलबाग उभी राहते. या साऱ्या व्यवहारात लाकूड म्हणून काही तयार होतच नाही. म्हणून पुरुषभर उंचीच्या वर जाणारी आणि वादळात कडाडून मोडणारी ही केळ शास्त्राच्या दृष्टीने हरभऱ्याच्या किंवा गवताच्या पंक्तीला बसणारी ओषधी ठरते.

'ओषधी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात उद्भिज्जांचे चार प्रकार सांगितले आहेत. ज्यांना फूल न दिसता फळ येते त्या वनस्पती. ज्यांना फूल आणि फळ दोन्ही येतात ते वानस्पत्य. फळ पिकले की ज्यांचा अंत होतो त्या ओषधी. आणि पसरणाऱ्या, वेटोळे घालणाऱ्या त्या वीरुध. आज आपण 'वनस्पती' हा शब्द सरसकट सगळ्या हिरव्या सृष्टीला लावतो. मुळात तो वड, पिंपळ, उंबर अशांपुरता होता. उंबराचे फूल आपण दुर्मिळपणाचे उदाहरण म्हणून सांगतो. पण ते दुर्मिळ नाही, झाकलेले आहे. ज्याला आपण कोवळे उंबर म्हणतो त्याच्या पोकळीत शेकडो बारीक फुले असतात आणि माथ्याच्या छिद्रातून शिरणारी चिलटाएवढी गांधीलमाशी त्यांचे परागण करते. चरकाचे निरीक्षण बाहेरून पाहणाऱ्याचे होते, आणि तेवढ्यापुरते ते चोख होते. केळीला त्याची कसोटी लावली तर ती बिनचूक ओषधीत जाते.

आता वनस्पती म्हणावे तरी कशाला, हे पाहिले पाहिजे. पहिले लक्षण सर्वांना ठाऊक आहे: सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कर्बवायू यांपासून हरितद्रव्याच्या साहाय्याने आपले अन्न आपण तयार करणे. दुसरे लक्षण वाढीचे. वासराची गाय झाली की तिची वाढ थांबते. पण निंबाचा शेंडा, तो झाड जिवंत असेपर्यंत, नवी पाने काढीतच राहतो, कारण शेंड्यात आणि मुळाच्या टोकात सदैव विभागणाऱ्या पेशींचा साठा असतो. तिसरे लक्षण पेशीभित्तीचे. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती सेल्यूलोज नावाच्या द्रव्याची ताठ भिंत असते. या तिसऱ्या लक्षणाकडे खान्देशी माणसाने थोडे आपुलकीने पाहावे. कारण सरकीवरचा कापसाचा प्रत्येक तंतू ही एकच लांबलेली पेशी आहे. बोंड फुटते तेव्हा आतला जीव वाळून गेलेला असतो व उरते ती केवळ भिंत. तिच्या शंभर भागांत नव्वदांहून अधिक भाग सेल्यूलोजचे असतात. जळगाव, धुळे, अमळनेर येथील जिनांनी आणि गिरण्यांनी पिढ्यान् पिढ्या जो माल हाताळला, तो म्हणजे वनस्पतीचे हे एक लक्षणच होय.

बुरशी आणि अळंबी यांना मात्र आता वनस्पतींत जागा नाही. पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत त्या होत्या. परंतु त्यांना हरितद्रव्य नाही आणि त्यांची पेशीभित्ती कायटीनची, म्हणजे किड्यांच्या कवचात असते त्या द्रव्याची असते. १९६९ साली व्हिटेकर यांनी सजीवांची पाच सृष्टींत जी मांडणी केली तीत बुरशीला वेगळे घर मिळाले, आणि पुढील संशोधनाने ती वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची ठरविली.

मग अमरवेलीचे काय? तिला हिरवे पान नाही, जमिनीत मूळ नाही, दुसऱ्याचा रस शोषून ती जगते. पहिले लक्षण ताणून धरले तर तिला वनस्पतींतून काढावे लागेल. तसे कोणी करीत नाही, कारण तिचे फूल पाहिले की ती गारवेलीच्या कुलातली आहे हे कळते. आपल्या दादरीच्या आणि ज्वारीच्या मुळांवर वाढणारा टारफुला, तंबाखू-वांग्याच्या मुळांवर येणारा बंबाखू यांचीही तीच कथा. राहणी बिघडली म्हणून गोत बदलत नाही. कोणते लक्षण राहणीचे आणि कोणते गोताचे, हे ओळखणे हाच वर्गीकरणाचा खरा प्रश्न आहे.

ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याने वृक्ष, झुडूप, उपझुडूप आणि ओषधी असे भाग पाडले होते. डोळ्यांना ते पटतात, परंतु पुढे गेल्यावर फसवितात. उंचीवरून पाहिले तर सातपुड्यातला बांबू झाडांत जाईल आणि हरळी गवतात. फुलावरून पाहिले तर दोघेही एकाच कुलातले. स्वीडनचा कार्ल लिनीअस (१७०७–१७७८) याने म्हणूनच उंची सोडून फूल हाती घेतले. फुलात पुंकेसर किती आणि कसे आहेत यावरून त्याने वनस्पतींचे चोवीस वर्ग केले. जास्वंदीच्या फुलातली लांब नळी आठवावी. ती सर्व पुंकेसर जोडून झालेली असते. असे एकजूट पुंकेसर असणाऱ्यांचा त्याने स्वतंत्र वर्ग केला, आणि त्यात जास्वंद, कापूस, भेंडी, अंबाडी आपोआप एकत्र आल्या. इतर ठिकाणी मात्र या मोजदादीने भलतेच शेजारी एकत्र बसविले. लिनीअसलाही आपली पद्धत सोयीपुरती आहे हे माहीत होते.

या लिनीअसचा केळीशी जुना संबंध आहे. हॉलंडमधील हार्टेकाम्प येथे क्लिफर्ड नावाच्या एका धनिकाच्या बागेत तो काम करीत असता, १७३६ साली त्याने उबदार काचघरातली केळ फुलवून दाखविली. युरोपात ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. त्याची युक्ती अशी की आधी पाणी तोडायचे आणि मग ते भरपूर द्यायचे. आपले बागायतदार लिंबूवर्गाच्या बागेला ताण देऊन बहार धरतात, त्याच धर्तीची. त्यावर त्याने छोटे पुस्तकच लिहिले. पुढे १७५३ च्या 'स्पीशीज प्लँटारम' या ग्रंथात त्याने प्रत्येक वनस्पतीला दोन पदांचे नाव देण्याची रीत रूढ केली. पहिले पद प्रजातीचे, दुसरे जातीचे. आडनाव आधी आणि नाव नंतर, असा हा प्रकार आहे.

नावाची ही शिस्त कशाला हवी, असे पुष्कळांना वाटते. आमचे म्हणणे असे की खान्देशातच तिची गरज जास्त आहे. 'रुई' म्हणजे जिनमध्ये सरकी काढून उरलेला कापूस. आणि 'रुई' म्हणजे बांधावरची दुधाळ, मारुतीला वाहिली जाणारी वनस्पतीही. बाभळीचा तर गोंधळच आहे. देशी बाभूळ, तिचाच सरळ उभा प्रकार रामकाठी, आणि अमेरिकेतून येऊन पडीक जमिनी बळकावून बसलेली वेडी बाभूळ ही तिन्ही बाभळीच म्हणविल्या जातात. पण वेडी बाभूळ निराळ्याच प्रजातीची आहे. शास्त्रीय नावेही अगदी अढळ नसतात, हेही कबूल केले पाहिजे. देशी बाभूळ सुमारे दोनशे वर्षे 'अकेशिया निलोटिका' म्हणून ओळखली गेली. नंतर असे दिसून आले की अकेशिया म्हणून जी हजारावर झाडे एकत्र बांधली होती ती मुळात वेगवेगळ्या घरची आहेत. घरे वेगळी केली तेव्हा जुने आडनाव कोणी ठेवायचे यावर वाद झाला. २००५ ची व्हिएन्ना आणि २०११ ची मेलबर्न येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषद यांनी ते ऑस्ट्रेलियातील झाडांना दिले, कारण त्यांची संख्या फार मोठी. आपली बाभूळ 'व्हॅचेलिया' झाली आणि खैर 'सेनेगॅलिया'. बाभळीच्या काट्याला याचे काही सोयरसुतक नाही. पण जुन्या ग्रंथातली बाभूळ शोधणाऱ्याने दोन्ही नावे लक्षात ठेवावीत हे बरे.

लिनीअसनंतर अभ्यासकांनी एकाच लक्षणावर विसंबणे सोडले. मूळ, पान, फूल, फळ, बी या सर्वांचा विचार करून नैसर्गिक कुले पाडावीत असा प्रयत्न सुरू झाला. बेंथॅम आणि हूकर यांचा 'जेनेरा प्लँटारम' (१८६२–१८८३) हा त्या पद्धतीचा मोठा ग्रंथ, आणि आपल्या महाविद्यालयांत पिढ्यान् पिढ्या तोच शिकविला गेला. त्याच पद्धतीने मुंबई इलाख्याची वनश्री थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केली. कुक हे पेशाने अभियंते आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य. वनस्पतींचा नाद त्यांना पदरचा होता. खान्देशपुरते बोलायचे तर धुळ्याचे डॉ. डी. ए. पाटील यांनी धुळे-नंदुरबारच्या वनस्पतींचा ग्रंथ २००३ साली सिद्ध केला. आपल्या बांधावर काय उगवते याची अशी नोंद घरात असणे, ही लहान गोष्ट नव्हे.

कुल कसे ओळखावे याचे उदाहरण म्हणून कापसाकडे पुन्हा वळू. आपल्या भागात 'कापूस' देणाऱ्या तीन वनस्पती आहेत. एक पिकातला कापूस, दुसरी सातपुड्यातली काटेसावर, तिसरी रुई. तिन्हींची बोंडे फुटतात, तिन्हींतून पांढरे तंतू उडतात. पण भिंग घेऊन पाहिले तर कापसाचे तंतू सरकीच्या सालीतून निघालेले दिसतात. सावरीचे तंतू फळाच्या आतल्या भिंतीतून निघतात आणि बी त्यांत नुसते गुरफटलेले असते. रुईत बियांच्या एका टोकाला रेशमी झुपका असतो. म्हणजे वाऱ्यावर बी पाठविण्याची गरज एक, पण ती भागविण्याची साधने तीन. एवढ्यावरून तिघांचे तीन कुल म्हणावे, तर तेही पुरते खरे नाही. रुईचे कुल निश्चितच निराळे. तिचे चुलते म्हणजे कण्हेर आणि सदाफुली. सावर मात्र एके काळी वेगळ्या कुलात होती, ती आता कापसाच्या कुलात आली आहे. १९९८ पासून वनस्पतींच्या जनुकद्रव्याची तुलना करून आवृतबीज वनस्पतींची जी नवी मांडणी होत आहे, तिच्यात सावर, सातपुड्यातला पांढऱ्या सालीचा कांडोळ, आणि धामण हे सर्व कापूस-भेंडीच्या एकाच कुलात जमा झाले. सावरीचा तंतू फसवा निघाला, पण नाते खरे निघाले. अशा गमती या शास्त्रात वारंवार भेटतात.

जुनी मोठी चौकट अजून बरीचशी उभी आहे. शैवाल, शेवाळी, नेचे ही बिनबियांची मंडळी. सायकस, देवदार यांसारखी उघड्या बियांची. आणि फळात बी झाकणारी आवृतबीज मंडळी, ज्यांच्या सुमारे तीन लक्ष जाती ज्ञात आहेत. आवृतबीजांत एकदल मोठ्या संख्येने आहेत: ज्वारी, ऊस, कांदा, केळ. बाकीचे बहुतेक द्विदल. पानाच्या शिरा समांतर असल्या आणि मुळे झुबक्यासारखी असली की सहसा एकदल समजावे. इतके पुरे.

कुलाचे ज्ञान केवळ ग्रंथात राहत नाही, ते बांधावर उतरते. ठिपक्याची बोंडअळी भेंडीवर पोसते आणि कापसावरही; कारण ती मनुष्याने केलेले पिकांचे भेद ओळखत नाही, कुल ओळखते. कापसाच्या कडेला भेंडीची ओळ लावणारा शेतकरी म्हणून दोन गोष्टींपैकी एक करीत असतो: अळीला सापळा लावतो किंवा तिला पाहुणचार देतो. ओळीवर लक्ष ठेवून कीड वेळीच नष्ट केली तर सापळा. दुर्लक्ष केले तर पाहुणचार. वांग्याचेही तसेच. भरिताच्या वांग्यासाठी जळगाव प्रसिद्ध आहे, आणि २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या वांग्याच्या फुलाशेजारी टोमॅटो, मिरची आणि बटाट्याचे फूल ठेवून पाहावे. पाच पाकळ्या तळाशी जुळलेल्या, पाच पुंकेसर, आणि फळाला शेवटपर्यंत चिकटून राहणारी हिरवी टोपी. बटाट्यालाही क्वचित अशी हिरवी फळे धरतात. हे सारे एक कुल, आणि विषारी धोतरा, तंबाखू व काटेरी भुईरिंगणी हीही त्यातलीच. म्हणूनच वांग्याला मर लागलेल्या वाफ्यात लगेच टोमॅटो लावला तर तोही मरतो. मधे ज्वारी-मका घ्यावा लागतो. अनुभवी शेतकरी हे करीत आलेच आहेत. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षरओळख नव्हती, पण शेतातल्या पिकापाण्याकडे त्यांनी ज्या बारकाईने पाहिले ते शिकलेल्यांना साधत नाही. शास्त्राने त्या पाहण्याला कारण जोडले, एवढेच.

कुलाच्या आतली जात ओळखणे याहून कठीण, आणि कापसात तेच निर्णायक ठरले. जगात लागवडीचा कापूस चार जातींचा आहे. दोन जुन्या जगातल्या, ज्यांना आपण देशी म्हणतो, दोन अमेरिकेतल्या. खान्देशातून निवडून काढलेले जरीला आणि विरनार हे वाण देशी होते. विरनार तर मर रोगाला दाद न देण्याबद्दल नावाजलेला. देशी कापूस काटक, पण धागा आखूड. अमेरिकन कापसाचा धागा लांब, पण प्रकृती नाजूक. दोघांचा संकर करून दोन्ही गुण एकत्र आणावेत हा विचार कोणाच्याही मनात येईल. अडचण अशी की देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात व अमेरिकन कापसात ५२. त्यांच्या संततीत ३९ येतात, त्यांची जोडी लागत नाही, आणि ती संतती वांझ राहते. अमेरिकन कापसाच्या ५२ पैकी निम्मी गुणसूत्रे आपल्या देशी कापसाच्या पूर्वजासारख्या रोपाकडून आणि निम्मी अमेरिकेतल्या रानकापसाकडून आली, हे पुढे सिद्ध झाले. फार प्राचीन काळी दोन खंडांतल्या घराण्यांची ही सोयरीक झाली होती. माणसाने ती पुन्हा जुळवायला गेल्यावर सहजासहजी जुळेना. म्हणून १९७० साली सुरतेच्या केंद्रावर डॉ. सी. टी. पटेल यांनी जो संकरित कापूस तयार केला, तो अमेरिकन जातीच्याच दोन वाणांचा होता.

आता केळीकडे परत येऊ, कारण तिच्याबाबत वर्गीकरणाचा प्रश्न नुसत्या ज्ञानाचा राहिलेला नाही. लिनीअसने खाण्याच्या केळीच्या दोन जाती सांगितल्या होत्या. विसाव्या शतकात असे आढळले की ज्यांना तो जाती समजला, ते सारे संकर आहेत आणि त्यांच्या मुळाशी दोन रानटी, बियाळ केळी आहेत: म्यूसा अक्युमिनाटा आणि म्यूसा बाल्बिसियाना. १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड या दोघांनी एक साधी युक्ती काढली. पानाच्या देठाची पन्हळ उघडी की मिटलेली, केळफुलाच्या पाकोळीचा आकार कसा, बीजकांच्या ओळी दोन की चार, अशी पंधरा लक्षणे त्यांनी घेतली आणि प्रत्येकाला एकापासून पाचापर्यंत गुण दिले. शुद्ध अक्युमिनाटाला १५ आणि शुद्ध बाल्बिसियानाला ७५. मधले आकडे संकराचे. या हिशेबाने कोकणातली राजेळी दोन भाग पहिलीची व एक भाग दुसरीची ठरते. आपली बसराई तिन्ही भाग पहिलीचीच. तीन भाग म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच, ११ च्या तिप्पट ३३. विषम संचामुळे बी धरत नाही. आपण बिनबियांची गोड केळी खातो त्याला, बी न धरताही फळ पोसण्याच्या अंगच्या गुणाबरोबरच, हेही एक कारण.

पण बी नाही म्हणजे नवी संतती नाही. मृगबाग असो की कांदेबाग, कंद लावला की त्यातून तीच केळ पुन्हा उगवते. ऊतिसंवर्धित रोपेही, ती रोगमुक्त असली तरी, त्याच एका देहाचे तुकडे असतात. बसराई आणि नंतर आलेली ग्रँड नैन या दोघी कॅव्हेंडिश नावाच्या एकाच घराण्यातल्या आहेत. लक्षावधी खोडे उभी आहेत, पण रोगाच्या दृष्टीने ते जणू एकच रोप आहे. मध्य अमेरिकेत ग्रो मिशेल नावाच्या केळीचे असेच एकसुरी मळे होते. फ्यूझेरियम बुरशीचा पनामा मर रोग शिरला आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यापारी लागवडीतून ती केळ जवळजवळ नाहीशी झाली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली, कारण त्या बुरशीला ती बळी पडत नव्हती. पुढे याच बुरशीचा निराळा वंश उद्भवला. तो कॅव्हेंडिशलाही मारतो. आग्नेय आशियातून तो पसरला, २०१९ साली कोलंबियात पोहोचला, आणि भारतात बिहारमध्येही त्याची नोंद झालेली आहे. ही बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि फवारणीने जात नाही. ती मुनव्यांबरोबर, अवजारांना चिकटलेल्या मातीबरोबर, वाहत्या पाण्याबरोबर येते. म्हणून परप्रांतातून कंद आणताना ते स्वस्त मिळतात की महाग, हा प्रश्न दुय्यम मानावा.

प्रतिकाराचे गुण शोधायचे तर ते बियाळ रानकेळींतच शोधावे लागतात. आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरची चवेणी दिसायला तशीच, पण तिची प्रजाती निराळी. तिला पील फुटत नाहीत, ती बियांनीच वाढते आणि एकदा फळून मरते, आणि केळीशी तिचा संकर होत नाही. उपयोगी पडली ती अक्युमिनाटाची एक रानटी उपजात. तिच्यात सापडलेले एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून तयार केलेल्या केळीला ऑस्ट्रेलियाने २०२४ साली लागवडीची परवानगी दिली. त्या रानकेळीचे फळ बोटाएवढे, आणि आत काळ्या, दातांना न फुटणाऱ्या बिया. बाजारात तिला कोणी हात लावणार नाही.